चाळिसाव्या छऱ्यानंतर माझं नेमकं काय बिघडतं?

पाचव्या_लेनवरचा

मंडळी नमस्कार, बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

दीड वर्ष झालं १० मीटर एअर रायफल शिकतोय. वय ४६, त्यामुळे पदकबिदक डोक्यात नाही, आठवड्यातून तीनदा रेंजवर जायचं, तास सव्वातास कुणाशी एक शब्द न बोलता उभं राहायचं, एवढंच सुख. पण गेले तीन महिने एक विचित्र प्रकार चाललाय. साठ छऱ्यांच्या मॅचमध्ये पहिले चाळीस बरे जातात, माझ्या मानाने म्हणजे सरासरी ९.८ च्या आसपास. आणि मग कुणीतरी स्विच बंद केल्यासारखं होतं, ९.१, ८.७, मधेच एखादा ७.४. ग्रुप, म्हणजे टारगेटवरचा भोकांचा पुंजका, गोल राहत नाही, उभा लांबट होतो, वर एक खाली एक. माझ्या मते मी काहीच वेगळं करत नाहीये, श्वास तोच, उभं राहणं तेच, चापावरचं बोट तेच.

परवा तर कळस झाला, अठ्ठेचाळिसावा छर्रा शेजारच्या लेनच्या टारगेटवर मारला. शेजारी पंधरा वर्षांची मुलगी होती, तिने काही न बोलता माझ्याकडे असं बघितलं की मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जाणकारांनी कृपया प्रकाश टाकावा.

टेनपॉइंटनाइन

शेजारच्या टारगेटचं मनाला लावून घेऊ नका हो. २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेचा मॅथ्यू एमन्स ५० मीटर थ्री पोझिशन रायफलच्या (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून मारायच्या) फायनलला चांगला पुढे होता, शेवटची एकच गोळी राहिलेली, साधी सात-साडेसात मारली असती तरी सोनं होतं. त्याने ती शेजारच्या टारगेटवर मारली. शून्य. सरळ आठवा. आणि २००८ ला बीजिंगमध्ये पुन्हा तोच इव्हेंट, पुन्हा आघाडीवर, पुन्हा शेवटची गोळी, ४.४! चौथा आला.

आता मजेचा भाग, अथेन्सच्या त्या गोळीनंतर त्याचं सांत्वन करायला आलेली चेक नेमबाज कातेरिना कुर्कोव्हा, तिच्याशीच पुढे त्याचं लग्न झालं. आणि बीजिंगच्या अख्ख्या ऑलिम्पिकचं पहिलं सुवर्ण तिचं होतं, १० मीटर एअर रायफलमध्ये.

तेव्हा शेजारच्या लेनवर गेलेला छर्रा वाया गेला असं लगेच म्हणू नये (तुमच्या बाबतीत शेजारी पंधरा वर्षांची मुलगी होती, त्यामुळे तुम्ही फक्त सॉरी म्हणा आणि पुढच्या वेळी रायफल उचलायच्या आधी लेनचा नंबर मोठ्याने वाचत जा).

मूळ प्रश्नावर: सिलेंडरचं प्रेशर बघितलंत का? पीसीपी, म्हणजे आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी, असेल ना?

पाचव्या_लेनवरचा

हो पीसीपीच आहे. तोच पहिला संशय होता. मॅचच्या मध्येच, चाळिसाव्यानंतर दुसरा भरलेला सिलेंडर लावून बघितला, काही फरक नाही. तसंही हवेचा दाब सारखा ठेवणारा रेग्युलेटर आहे, एका सिलेंडरवर दोनशेच्या वर छर्रे आरामात निघतात.

नट_बोल्ट

छर्रे कुठले, डबा मध्येच बदलता का? एकाच कंपनीचे ४.५ मिमी पण डोक्याच्या मापात ४.४९, ४.५०, ४.५१ असा फरक असतो आणि प्रत्येक नळीला एखादंच माप मानवतं. रायफल शिकंज्यात घट्ट बांधा, दहा मीटरवर एका डब्यातले दहा, मग दुसऱ्या डब्यातले दहा मारा. एकाच भोकातून गेल्यासारखे गेले तर रायफल निर्दोष, आरोपी तुम्ही.

शिवाय दस्त्याला नळीचा भाग धरणारे स्क्रू तपासा. माझा एकदा अर्धा आटा ढिला होता, मी दोन महिने स्वतःला शिव्या घातल्या, ध्यानधारणेचा क्लास लावला, आणि शेवटी ॲलन की फिरवल्यावर आजार बरा.

कपाटातली_तोफ

धागाकर्त्याची माफी मागून थोडं अवांतर. मी नेमबाज नाही, संग्रहाची आवड नुकतीच लागलीय. माझ्याकडे एक जुनी चकमकीची बंदूक आलीय, ठासणीची. लाकूड बरं आहे पण लोखंड पार काळं-तपकिरी पडलंय. पॉलिश पेपरने घासून चकाचक करावी म्हणतो, मग दिवाणखान्यात भिंतीवर. किती नंबरचा पेपर घ्यावा?

गंजखाऊ_आबा

थांबा!!!

पेपर खाली ठेवा. आधी एक काम, बाकीचं सगळं नंतर. बंदूक भरलेली आहे की नाही ते बघितलंत का? हसू नका. ठासणीची बंदूक बघून कळत नाही, तिला उघडायला मागे काही नसतं. शिकारीहून आलेल्या माणसाने बार न काढता तशीच खुंटीला टांगलेली, मग तो गेला, मुलगा गेला, नातवाने विकली, असं सर्रास असतं. दारू कोरडी राहिली असेल तर शंभर वर्षांनीही तिला काही झालेलं नसतं.

तपासायची रीत अशी. नळीचं तोंड माणसांपासून दूर, घोडा पडलेला, चकमक काढलेली. एक लाकडी काठी तोंडातून हलकेच आत सोडायची, ठोकायची नाही. तळाला टेकली की तोंडापाशी पेन्सिलने खूण. मग काठी बाहेर काढून नळीच्या बाहेरून लांबीला लांबी लावून धरायची, खूण तोंडापाशी. काठीचं टोक कानापर्यंत, म्हणजे रंजकाची (बाहेरून पेटवायच्या दारूची) आग ज्या बारीक भोकातून आत जाते तिथपर्यंत, पोचायला हवं. दोन-तीन बोटं अलीकडेच थांबलं तर आत काहीतरी आहे. तो दारू-गोळीचा बार असू शकतो, नुसता कचराही असू शकतो, पण तुम्ही तो बारच समजायचा.

हे करून मग पॉलिशचं बोला. तसं पॉलिशचं उत्तर "नाही" हेच आहे, पण ते सविस्तर लिहितो, चहा घेऊन येतो.

सरळमार्गी

माणसं मारायच्या वस्तूचा छंद कसा काय असू शकतो हे मला कधीच समजलं नाही. तिकिटं जमवा, नाणी जमवा.

टेनपॉइंटनाइन

सरळमार्गी, तुमचा मुद्दा समजतो, घरी बायकोही पहिली दोन वर्षं हेच म्हणायची. पण एकदा रेंजवर येऊन नुसते बसा. सव्वा तासात साठ छर्रे, म्हणजे सव्वा मिनिटाला एक, आणि त्यातही निम्म्या वेळा माणूस रायफल खांद्याला लावतो आणि न मारताच खाली ठेवतो. छर्रा न मारणं हाच अर्धा खेळ आहे. सांगायचं तेवढं सांगितलं, यावर वाद नको, धागा भरकटेल.

गंजखाऊ_आबा

आलो. तर पॉलिश.

गंज दोन प्रकारचा असतो हे पक्कं लक्षात ठेवा. एक लालसर-भगवा, बोटाला पावडर लागते तो, तो जिवंत, तो लोखंड खातोय, त्याला थांबवायचं. दुसरा काळपट तपकिरी, गुळगुळीत, बोटाला काही लागत नाही तो. दुसरा म्हणजे वस्तूचं वय आहे, त्याला हात लावायचा नाही. तुम्ही पेपर मारलात की वय गेलं, कडा गोल झाल्या, कोरलेली अक्षरं बुजली, आणि उरलं ते लोखंडाचं चकचकीत पाईप. संग्राहक असली वस्तू हातात घेतो, उसासा सोडतो आणि परत ठेवतो.

लाल गंजाला हलकं तेल लावून एक-दोन दिवस मुरू द्या, मग जाड सुती फडक्याने नाहीतर बांबूच्या चपट्या टोकाने हळूहळू काढा. कंटाळवाणं काम आहे, रेडिओ लावून बसा. नंतर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात, संग्रहालयात हेच वापरतात. हाताळताना हातमोजे घाला, घामाच्या बोटाचा ठसा लोखंडावर महिन्याभरात गंजून वर येतो, चोराचा यावा तसा. आणि कातडी म्यानात किंवा केसमध्ये वर्षानुवर्षं ठेवू नका, कमावलेलं कातडं ओल धरतं आणि त्यात आम्ल असतं.

स्क्रूला हात लावायच्या आधी त्यांच्या खाचा बघा. जाणता माणूस बंदूक घेताना आधी तिथेच बघतो. खाचा फाटलेल्या दिसल्या की समजायचं, कुणीतरी घरातला स्क्रूड्रायव्हर घेऊन आत शिरला होता. जुन्या स्क्रूची खाच अरुंद असते, पातं घासून तिच्या मापाचं करावं लागतं.

नळीची खालची बाजू लाकडातून सुटली तर तिथे शिक्के दिसतील. मुकुट आणि खाली फुलीसारखे दोन राजदंड, त्यांच्या कोनांत बी, पी, सी अशी अक्षरं असतील तर नळी बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसमधून गेलीय, ते १८१३ पासूनचं. मुकुटाखाली जी आणि पी एकमेकांत गुंतलेली असतील तर लंडन. प्रूफ म्हणजे काय, तर नेहमीपेक्षा जास्त दारू ठासून मुद्दाम उडवून बघायची, फुटली नाही तर शिक्का. पण शिक्का त्या काळच्या दारूचा आहे हो, आज उडवायची परवानगी नव्हे. आणि कागदपत्रांचं म्हणाल तर प्रत्येक देशाचा कायदा वेगळा, जुनी आहे म्हणजे परवाना नको असं मनाने ठरवू नका, लेखी विचारा.

पण काठी आधी. काठी घातलीत का?

कपाटातली_तोफ

आबा, वाखुसा (वाचनखूण साठवली)! हे सगळं माहीतच नव्हतं. काठी उद्या घालतो, योग्य लांबीची शोधावी लागेल.

पाचव्या_लेनवरचा

अवांतर छान चाललंय, चालू द्या, मीही वाचतोय. माझं अपडेट: नट_बोल्ट यांनी सांगितल्याप्रमाणे रायफल शिकंज्यात लावली. दहाच्या दहा एका भोकात, दोन्ही डबे सारखेच. स्क्रू घट्ट. म्हणजे आरोपी मीच 😞

डोळस_बाई

तुम्ही चष्मा लावता का? आणि लावत असाल तर कसला?

पाचव्या_लेनवरचा

लावतो. चार महिन्यांपूर्वी नवीन केला, प्रोग्रेसिव्ह. लांबचं-जवळचं एकातच. का हो?

डोळस_बाई

सापडलं बहुतेक. तुम्हाला चाळिसाव्या छऱ्याचा नाही, चाळिशीचा त्रास आहे 😄

सांगते. प्रोग्रेसिव्ह काचेत वरून खाली नंबर बदलत जातो, कडेला गेलात तर प्रतिमा वाकडीही होते. समोर सरळ बघायला आणि नजर खाली करून पेपर वाचायला ती मस्त. पण रायफल लावल्यावर तुमचं डोकं पुढे झुकलेलं आणि थोडं कललेलं असतं, म्हणजे तुम्ही काचेच्या मधून बघतच नाही, नाकाजवळच्या वरच्या कोपऱ्यातून बघता. पहिले चाळीस छर्रे मान ताजी, डोकं एकाच जागी येतं, कोपरा ठरलेला. मग मान थकते, गाल दस्त्यावर दोन-तीन मिलिमीटर खाली बसतो, आणि डोळा काचेच्या दुसऱ्याच भागातून बघायला लागतो. माशीची, म्हणजे नळीच्या तोंडाकडच्या पुढच्या साइटची, रिंग धूसर झाली की तुम्ही नकळत डोकं वर-खाली करून ती शोधता. म्हणून ग्रुप उभा. तीन महिन्यांचा त्रास आणि चार महिन्यांचा चष्मा, तारखा जुळवून बघा.

केवढ्याने फरक पडतो त्याचा हिशोब: मागची साइट आणि माशी यांच्यात साधारण पाऊण मीटर धरा. माशी मध्यापासून ०.२ मिमी सरकली तर १० मीटरवर ते होतात जवळपास २.७ मिमी. टारगेटवर दोन रिंगांमधलं अंतर २.५ मिमी. म्हणजे दोन कागदांच्या जाडीएवढी चूक आणि अख्खा एक गुण गेला. दहाचा ठिपका तर जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा.

उपाय: नेमबाजीची वेगळी फ्रेम, एकच गोल भिंग असलेली, ते भिंग नजरेच्या रेषेला काटकोनात फिरवता येतं. नंबर तुमच्या लांबच्या नंबरमध्ये अर्धा प्लस, ही रायफलसाठी सुरुवात, पिस्तुलाला पाऊणपर्यंत जातात. कारण असं की अर्धा प्लसने नजर दोन मीटरवर ठरते, तुमची माशी डोळ्यापासून मीटरभरावर, त्यामुळे माशी स्वच्छ दिसते आणि टारगेटचा काळा गोळा किंचित धूसर पण गोलच राहतो. गोळा धूसर दिसला तर दिसू दे, माशी धूसर नको. डोळ्याच्या डॉक्टरकडे जाताना माशीपर्यंतचं अंतर मोजून कागदावर लिहून न्या.

आणि दुसरा डोळा मिटत असाल तर ते बंद करा, मिटणाऱ्या डोळ्याच्या स्नायूने उघडा डोळाही थकतो. पुढे पांढरी पट्टी लावा, नियमात ३० मिमी रुंदीपर्यंत चालते.

अर्धा_डबा

पण तो तुर्कस्तानचा युसुफ दिकेच? पॅरिसला २०२४ मध्ये साधा चष्मा लावून, एक हात खिशात घालून, दोन्ही डोळे उघडे ठेवून मिश्र सांघिक पिस्तुलात रौप्य घेऊन गेला की!

डोळस_बाई

गेला ना, पण ते त्याचं पाचवं ऑलिम्पिक होतं. खिशातला हात तर जवळजवळ सगळेच पिस्तुलवाले घालतात, तो फोटोत उठून दिसला इतकंच. तुम्ही आधी चार ऑलिम्पिक करा मग खिशात हात घाला 😄

गंजखाऊ_आबा

चष्म्याचं बाईंचं पटलं. पण शेजारच्या टारगेटवरचा छर्रा चष्म्याने जात नाही आणि ७.४ ही फक्त चष्म्याने येत नाही. पाचव्या लेनवाले, खरं सांगा, चाळिसाव्यानंतर तुम्ही छर्रा सुटल्या-सुटल्या स्क्रीनकडे बघता की नाही?

पाचव्या_लेनवरचा

…बघतो. किती आले ते बघायची घाई होते. शेवटी-शेवटी तर बहुतेक सुटायच्या आधीच डोकं उचलतो.

गंजखाऊ_आबा

मला वाटलंच. यावर माझं औषध जुनं आहे. कधी चकमकीच्या बंदुकीने टारगेट मारायची संधी मिळाली, अर्थात तपासलेल्या, उडवण्यालायक बंदुकीने आणि माहितगार माणूस शेजारी असताना, तर सोडू नका. चाप ओढला की घोडा पडतो, चकमक पोलादावर खरवडते, ठिणग्या रंजकात, रंजक भपकन डोळ्यासमोर पेटतं, तिथून आग कानातून आत, आणि मग बार. एवढा सगळा संसार होईपर्यंत तुम्ही नेम धरून ठेवायचा असतो, तोही नाकासमोर जाळ झालेला असताना. जो दचकला त्याची गोळी आकाशात. मी पहिले दहा बार असेच घालवले. अकराव्याला शहाणा झालो, कारण दुसरा इलाजच नव्हता.

तो भपका बघून पक्षी आधीच उडून जायचे, म्हणून वैतागलेल्या अलेक्झांडर फोरसाइथ नावाच्या स्कॉटिश पाद्र्याने ठोक्याने पेटणारी दारू बंदुकीला जोडली आणि १८०७ मध्ये पेटंट घेतलं. टोपीची बंदूक, पुढे काडतूस, सगळं त्याच वाटेने आलं.

तुमचा छर्रा सेकंदाला साधारण १७० मीटरने जातो, म्हणजे टारगेटला पोचायला ०.०६ सेकंद. तुम्हाला वाटतं चाप दाबला की झालं. नाही झालं, छर्रा अजून नळीत आहे आणि तुम्ही निघालात निकाल बघायला. चाप दाबल्यावर मनात "एक, दोन" म्हणा, माशी कुठे होती ते स्वतःला सांगा, "नऊ, घड्याळातल्या तीनच्या दिशेला" असं, आणि मगच स्क्रीन. सांगितलेलं आणि स्क्रीनवरचं जुळायला लागलं की आठवड्यात फरक बघा.

नट_बोल्ट

आबांना +१. हेच कोरड्या सरावात करा, भिंतीसमोर, छर्रा न घालता. फक्त मॅच पीसीपीला कोरड्या सरावाचं बटण असतं ते लावून. स्प्रिंगची एअर रायफल असेल तर कोरडी कधीच उडवू नका, समोर छर्रा नसला की पिस्टन सरळ आतल्या नळकांड्याच्या पुढच्या टोकावर आपटतो.

आणि सरावानंतर हात धुता का? शिसं आहे ते. खाण्याआधी साबणाने, रेंजवर काही तोंडात टाकायचं नाही.

टेनपॉइंटनाइन

ज्याला वाटतं आपलं काही खरं नाही त्याने कारोली टाकाच आठवावा. हंगेरीचा, पिस्तुलवाला. १९३८ मध्ये सदोष हातबॉम्बने उजवा हात, म्हणजे नेमाचाच हात, गेला. गुपचूप डाव्या हाताने शिकला आणि १९४८ आणि १९५२ अशी दोन ऑलिम्पिक सुवर्णं नेली. आणि आपण चष्म्याला घाबरतोय.

पाचव्या_लेनवरचा

मंडळी, पाच आठवड्यांनी येतोय. फ्रेम केली, भिंग +०.५. पहिल्या दिवशी माशी बघून दचकलोच, इतकी कडक काळी रेघ गेल्या वर्षभरात दिसलीच नव्हती. पण स्कोअर लगेच सुधारला नाही, उलट पहिला आठवडा आणखी वाईट, कारण डोकं नवीन जागी ठेवायला शिकावं लागलं. आबांचं "एक, दोन" सुरू केलं. पहिल्या दिवशी साठपैकी अकरा वेळाच मी सांगितलेलं आणि स्क्रीनवरचं जुळलं, काल सदतीस वेळा. शेवटचे वीस काल ९.६ च्या आसपास. ७.४ एकदाच, आणि तो सुटायच्या आधी मला माहीत होतं की हा मारू नये, तरी मारला.

त्या मुलीला सॉरी म्हटलं. ती म्हणाली, "काका, त्या दिवशी तुमचा १०.३ होता, माझा झाला असता तर बरं झालं असतं."

कपाटातली_तोफ

अभिनंदन! माझंही सांगायचं राहिलं. आबा, काठी घातली होती. कानाच्या चार बोटं अलीकडेच थांबली. तीन वेळा मोजलं. हात कापत होते, कारण आदल्याच आठवड्यात मी ती बंदूक मांडीवर घेऊन, घोड्याशी खेळत फोटो काढले होते, तोंड मुलांच्या खोलीकडे.

गंजखाऊ_आबा

अरे देवा. मग? स्वतः काही केलं नाहीत ना?

कपाटातली_तोफ

नाही नाही. तुम्ही व्यनितून (खासगी निरोपातून) सांगितलं तसं कानातून पाणी सोडायचासुद्धा प्रयत्न केला नाही, परवानाधारक कारागिराला घरी बोलावलं, तोच घेऊन गेला. स्क्रूसारखं टोक असलेल्या गजाने त्याने काढलं. आधी कापडाचा बोळा, मग शिशाची गोल गोळी, वर पांढरी बुरशी आल्यासारखी, मग पुन्हा बोळा, आणि खाली दारू. त्यातली चिमूटभर त्याने अंगणात फरशीवर काडी लावून दाखवली. भपकन गेली.

आता लाल गंजाला तेल लावून बसलोय. पॉलिश पेपर नट_बोल्ट यांना पाठवू का?

नट_बोल्ट

पाठवा, दार घासायचंय.